सँडविचसाठी मटणाचे पातळ काप: ऑर्डर सांगायला येण्याआधी हे वाचा

सुट्ट्या लागल्या की नागपूर-पुण्याहून पोरं घरी येतात आणि दुकानात एक नवी मागणी सुरू होते. "काका, कागदासारखं पातळ कापून द्या, घरी सँडविच करायचं आहे." रविवारच्या गर्दीत ठोकळ्यावर उभं राहून असे काप देता येत नाहीत, आणि घाईत दिले तर तुमचे पैसे वाया जातात. म्हणून हे माहितीपत्रक.

मोबाईलवर जे सँडविच दिसतं ते अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातलं. १९३० च्या सुमारास तिथं त्याची सुरुवात झाली. त्यात गोमांस असतं, बरगडीजवळच्या पाठीच्या भागाचं. आपल्या राज्यात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं आणि बैल-वळूच्या कत्तलीला २०१५ पासून बंदी आहे. आमच्याकडे बोकडाचंच मटण मिळतं. सँडविच त्याचंही छान होतं, पण बोकडाची पाठीची पट्टी बारीक असते, त्यातून रुंद काप निघत नाहीत. शिवाय बोकडाची चरबी बहुतेक पोटात आणि गुर्द्याभोवती असते, मांसाच्या आत फारशी नसते. तिकडची कृती जशीच्या तशी केली तर काप कोरडे पडतात.

इथं ताजं मटण कामाचं नाही

हे ऐकून बरेच जण नाराज होतात. डोळ्यांदेखत कापलेलं तेच चांगलं, ही आपल्याकडची रीत आहे, आणि रश्श्याच्या मटणाला ती शोभते. तास-दीड तास शिजल्यावर सगळं मऊ होतं. सँडविचचा काप तव्यावर दोन-तीन मिनिटंच असतो, मऊ व्हायला त्याला वेळच मिळत नाही. बोकड कापल्यावर काही तासांत मांस ताठरतं आणि मग हळूहळू सैल पडतं. ताठर असताना कापलं-भाजलं तर चावून चावून दाढा दुखतात. गरम मटण लगेच फ्रीजरमध्ये टाकलं तर ते आक्रसून आणखीच चिवट होतं.

म्हणून सँडविचची ऑर्डर असली की आम्ही अख्खं रान, म्हणजे मागची मांडी, हाडासकट रात्रभर थंड पेटीत टांगून ठेवतो. हाडावर ताणलेलं राहिलं की मांस फारसं आक्रसत नाही. सकाळी हाड काढतो, वरची पांढरी झिल्ली सोलतो. झिल्ली राहिली तर काप तव्यावर वाटीसारखा वळतो. मग तुकडा फ्रीजरमध्ये दीड-दोन तास. बाहेरून कडक व्हावा, पण बोट दाबलं तर आत थोडं दबावं, इतकाच. पूर्ण दगड झाला तर सुरी घसरते, मऊ राहिला तर मांस सुरीपुढे पळतं. सत्तूर हाडासाठी. या कामाला लांब, पातळ पात्याची सुरी लागते, आणि दर चार-पाच कापांनी ती पुसावी लागते.

आम्ही २ ते ३ मिलिमीटर जाडीचे काप देतो. त्याहून पातळ मागू नका, तव्यावर त्यांचा चुरा होतो.

रेषेला आडवं

घरी स्वतः कापणार असाल तर एवढं एक नक्की लक्षात ठेवा. मागच्या उन्हाळ्यात एक वहिनी उरलेले काप डब्यात घेऊन परत आल्या. मटण खराब होतं, रबरासारखं लागलं, म्हणाल्या. डबा उघडून पाहिला. मटण चांगलं होतं, पण काप रेषेच्या दिशेनं गेलेले, एकेका कापात बोटभर लांब धागे. आम्ही त्याच रानाचा तुकडा उजेडात तिरपा धरून त्यांना दाखवला. नीट पाहिलं की मांसावर बारीक रेषा दिसतात, सगळ्या एका दिशेला. त्या रेषांना आडवी सुरी लावायची.

कडब्याचं उदाहरण घ्या. लांब कडबा टाकला तर जनावर निम्मा तुडवून ठेवतं. त्याचीच कुट्टी करून टाकली तर गव्हाण साफ. कडबा तोच असतो, धागा आखूड झालेला असतो. मटणाचंही तसंच. रानात दोन-तीन वेगवेगळे स्नायू असतात आणि प्रत्येकाची रेषा वेगळ्या दिशेला जाते, म्हणून आधी ते मधल्या पातळ पडद्यावरून सुटे करून घ्या. वहिनींना त्याच तुकड्याचे आडवे काप करून दिले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आणखी अर्धा किलो घेऊन गेला.

किती आणि कोणतं

रानच घ्या. खांद्यात शिरा फार, सीना आणि मान रश्श्यासाठी ठेवा. बोकड दोन दाती असावा, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्षाचा. म्हाताऱ्या जनावराचे पातळ काप आम्ही देत नाही, कितीही आग्रह केला तरी. एका सँडविचला ८० ते १०० ग्रॅम कच्चं मटण पुरतं, म्हणजे अर्ध्या किलोत पाच-सहा जणांचं भागतं. हाडासकट १ किलो रानातून आमच्याकडे ६५० ते ७०० ग्रॅम काप निघतात. भाव रानाच्या पूर्ण वजनाचा लागतो, हाडं आणि छाट तुमचीच, ती घेऊन जा. हाडांचा रस्सा संध्याकाळी होतो.

घरी नेल्यावर

काप धुऊ नका. आम्ही तुकडा कापण्याआधीच धुऊन फडक्यानं कोरडा करतो. काप धुतले की ते पाणी धरतात आणि भाजायच्या ऐवजी उकडतात. डब्यात जे लाल पाणी सुटतं ते रक्त नाही, मांसातलंच पाणी आहे. मे महिन्यात ४५ अंशाच्या उन्हात गाडीच्या डिक्कीत मटण ठेवून बाजार करत फिरू नका. घरून पाण्याची बाटली बर्फ करून आणा आणि पिशवीत डब्याला लागून ठेवा. त्याच दिवशी करणार नसाल तर थरांमध्ये बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये टाका. लाईन बराच वेळ गेली आणि काप सुटून मऊ पडले, तर पुन्हा गोठवू नका. ते थंड असतील तोवर लगेच शिजवा, कोमट झाले असतील तर टाकून द्या.

लोखंडी तवा चांगला तापू द्या. फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल सढळ हातानं घाला, चरबीची कसर तेच भरून काढतं. आधी कांदा परतून बाजूला काढा. मग काप एकाच थरात पसरा. गर्दी केली की पाणी सुटतं. एका बाजूला मिनिट-दीड मिनिट, उलटून तेवढंच. आत लाल राहू देऊ नका. मीठ शेवटी, वर मिरपूड आणि थोडा सांबार, म्हणजे कोथिंबीर. सावजी मसाला आमचाही जीव की प्राण, पण इथं तो मटणाची चव झाकतो. लांब पाव मिळाला नाही तर लादीपाव तव्यावर शेकून घ्या. चीज घालायचं तर काप तव्यावर असतानाच वर ठेवा.

ऑर्डर आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत सांगा, म्हणजे रान रात्रभर टांगता येतं. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गर्दी असते, त्या दिवशी काप मिळणार नाहीत. येताना झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन या.