वजनाचं जनुक की वजनाची खूण?

परभणी-उदगीरकडच्या पोल्ट्रीवाल्यांत ‘चौथ्या गुणसूत्रावर वजनाचं जनुक सापडलं’ हा मेसेज फिरला की माझं डोकं तडकतं. सापडलेली असते ती खूण, म्हणजे मार्कर. जनुक काय असतं हे शाळेत झालंय, ते सोडा.

मार्कर म्हणजे डीएनएतलं एक अक्षर, जे काही पक्ष्यांत एक आणि काहींत दुसरं असतं. बॅच तोलायची, रक्तातला डीएनए चिपवर (एकाच वेळी लाखो जागांची अक्षरं वाचणाऱ्या पट्टीवर) तपासायचं, जड पक्ष्यांत कुठलं अक्षर जास्त येतं ते बघायचं. 2013 साली आलेली चिप सुमारे 6 लाख जागा तपासते; कोंबडीचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, साधारण 100 कोटी अक्षरांचा. म्हणून चिपवर जे अक्षर चमकतं ते बहुधा खऱ्या कारणाच्या नुसतं शेजारी असतं, आणि शेजारचं म्हणून सोबत पिल्लांत उतरतं.

पताका दिसली की दिंडी आली हे कळतं, पण अभंग काही पताका म्हणत नाही. आणि पताकावाला फाट्यावर दुसऱ्याच दिंडीत शिरला तर? पिढ्यान्‌पिढ्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, तेव्हा हेच घडतं. ब्रॉयलरमध्ये पक्की ठरलेली खूण गावरानात म्हणूनच फसते.

चौथ्या गुणसूत्रावरच्या त्या पट्ट्यात एनसीएपीजी आणि एलसीओआरएल ही जनुकं अगदी खेटून आहेत. गायी-घोड्यांतही हाच पट्टा आकारमानाशी जोडलेला दिसतो. पण वजन नक्की कोण वाढवतं हे नुसती खूण सांगत नाही.

गावरान आणि ब्रॉयलर एकाच अभ्यासात कालवले तर आणखी गंमत: ब्रॉयलर जड आणि पांढरे, गावरान हलके आणि रंगीत, म्हणून पिसांच्या रंगाची खूणसुद्धा ‘वजनाची’ ठरते!

‘जनुक सापडलं’ म्हणायचंच असेल तर बुटक्या कोंबडीबद्दल म्हणा. झेड गुणसूत्रावरचं ग्रोथ हार्मोनच्या ग्राहीचं (पेशीवर हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनाचं) जनुक बिघडलं, की हार्मोन असूनही पेशी दाद देत नाहीत. मादीत झेड एकच, त्यामुळे एक बिघडलेली प्रत पुरते.

आणि बातम्यांत येणारे क्यूटीएल (गुणाशी जोडलेला गुणसूत्राचा पट्टा) आणि जीवास (सगळ्या जीनोमभर गुणाशी जुळणाऱ्या खुणा शोधणारा अभ्यास)? पहिलं सहसा मुद्दाम केलेल्या संकराच्या पिढ्यांत शोधतात, दुसरा करतात मोठ्या कळपात. दोन्हींतून आधी हाती लागते ती खूणच.

निवडीसाठी मला खूण चालते, पण त्याच कळपात तपासलेली. ‘वजनाच्या जनुकाची टेस्ट झालेली’ गावरान पिल्लं कुणी जादा भावाने देऊ केली, तर टेस्ट कुठल्या पक्ष्यांवर बसवली ते विचारा. ब्रॉयलर म्हणाला, तर साध्याच भावात मागा.