पाचशे ओंडके आणि एका नदीचा नकाशा

तिबेटातली त्सांगपो नदी पूर्वेकडे वाहत जाते, मग ७७८२ मीटर उंच नामचा बारवा शिखराला वळसा घालून एका भयानक खोल दरीत शिरते. दरीच्या वरच्या तोंडाशी ती जवळपास २९०० मीटर उंचीवर असते आणि खाली अरुणाचलातल्या पासीघाटला दिहांग नदी बाहेर पडते ती फक्त दीडशे मीटरवर! दोन्ही एकच नदी असेल तर मधे केवढा मोठा धबधबा असेल, असं एकोणिसाव्या शतकातल्या सर्व्हेवाल्यांना वाटायचं.

पण जाऊन बघणार कोण, तिबेटात गोऱ्यांना बंदी. मग सर्व्हे ऑफ इंडियाने, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या नकाशे बनवणाऱ्या खात्याने, कुमाऊँ-सिक्कीमची पहाडी माणसं तयार केली. यात्रेकरूच्या वेशात जायचं, ठरावीक लांबीचं पाऊल टाकायचं, शंभर पावलं झाली की माळेचा एक मणी ओढायचा, माळेत मणी १०८ ऐवजी १००, म्हणजे पूर्ण फेरीत १०,००० पावलं, साधारण पाच मैल. उंचीसाठी थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरायचा, कारण वर हवेचा दाब कमी आणि दर ३०० मीटरला पाणी अंदाजे एक डिग्री आधीच उकळतं. नैनसिंग रावत १८६६ मध्ये असाच ल्हासाला पोचला.

मला मात्र किंथुपबद्दल सांगायचंय. सिक्कीमचा हा माणूस, लिहिता-वाचता येत नव्हतं, १८८० मध्ये त्याला एका लामासोबत पाठवलं. काम काय, तर खुणा केलेले ओंडके त्सांगपोत सोडायचे, खाली आसामात ते दिसले की नदी एकच हे सिद्ध. लामाने त्यालाच गुलाम म्हणून विकून टाकलं! तो पळाला, एका मठाच्या प्रमुखाने त्याला विकत घेतलं, तिथून तीर्थयात्रेची सुट्टी मागून त्याने ५०० ओंडके तयार केले, पुन्हा सुट्टी घेऊन ल्हासाला गेला, तिथून ओंडके कधी सोडणार हे कळवणारं पत्र त्याला पाठवणाऱ्या सर्व्हेच्या कॅप्टन हार्मनला लिहवून घेतलं आणि मग रोज ५० असे दहा दिवस ओंडके सोडले. पत्र पोचेपर्यंत हार्मन भारतातून गेलेला, ओंडके कुणी बघितलेच नाहीत.

१८८४ मध्ये परत आल्यावर त्याने सगळं आठवणीतून सांगितलं. लिहून घेणाऱ्याने घोळ केला, एका छोट्या ओढ्याचा १५० फुटी धबधबा मुख्य नदीवर चढवला आणि बऱ्याच जणांनी किंथुपवर विश्वासच ठेवला नाही. १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड हे ब्रिटिश अधिकारी स्वतः दरीत गेले, तिथे नदीवर जेमतेम तीस फुटांचा धबधबा होता, त्यांनी पाहिलेला बाकी उतार नुसत्या खळाळांचा, आणि किंथुपने सांगितलेल्या जागा एकामागून एक जुळत गेल्या. बेलीने त्याला शोधून काढलं. तोपर्यंत म्हातारा किंथुप दार्जिलिंगला शिंपीकाम करत होता.