लिफ्ट किटचे दोन इंच नेमके जातात कुठे?

‘दोन इंचांचे लिफ्ट किट बसवा, दोन इंच जादा ग्राउंड क्लिअरन्स मिळवा’ ही ओळ पिकअपच्या ॲक्सेसरी विकणाऱ्यांच्या जाहिरातीत सर्रास दिसते. लिफ्ट किट म्हणजे गाडीचा सांगाडा (चॅसी) चाकांपासून वर उचलणाऱ्या चकत्या, स्प्रिंगा, ठोकळे यांचा संच; ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे जमीन आणि गाडीचा सर्वांत खालचा भाग यांतले अंतर. गाडीच्या मागच्या बाजूपुरती जाहिरातीची ती ओळ साफ चूक आहे आणि पुढच्या बाजूपुरती अर्धीच खरी. स्वस्तातले किट निवडताना पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा याच गैरसमजापायी.

इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आपल्याकडे २०१६ मध्ये आली, टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये. दोन्हींची मांडणी सारखीच आहे. पुढच्या प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म (चाक चॅसीला जोडणारे दांडे) आणि मध्ये कॉइल स्प्रिंग असते. मागे एकच आडवा ॲक्सल आणि त्याच्यावर पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात. मागच्या ॲक्सलच्या मध्यभागी डिफरन्शियलचा (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरांचा) जाडजूड गोळा असतो. कच्च्या रस्त्यावर मधल्या उंचवट्याला घासतो तो बहुधा हाच. आता हा ॲक्सल कशावर टेकलेला आहे? चाकांवर. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये दोन इंचांचा ठोकळा घातला की चॅसी वर जाते, हौदा वर जातो, पण ॲक्सल होता तिथेच राहतो. गोळा आणि दगड यांच्यातले अंतर एका मिलीमीटरनेही वाढत नाही. ते वाढवायचे तर टायरच मोठा हवा, आणि तिथेही फायदा निम्माच पदरात पडतो. २६५/६५ आर १७ टायरचा व्यास सुमारे ७७६ मिमी, २६५/७० आर १७ चा ८०३ मिमी. फरक २७ मिमी, पण ॲक्सल व्यासाच्या मध्यावर असल्याने तो वर येतो जेमतेम १३ मिमी. शिवाय वेगमापक १०० दाखवत असताना गाडी १०३ च्या पुढे धावत असते.

मग लिफ्ट किटचा उपयोग काय? गाडीचे पोट, म्हणजे चॅसी, गिअरबॉक्स, इंधनाची टाकी हे सगळे उचलले जाते. तीन मीटरहून जास्त व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराची) पिकअप बांधावरून नेताना मधले पोट टेकते. पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन ४५ मिमी लिफ्टने साधारण तीन अंशांनी सुधारतो. पुढचा बंपर चढाला लागत नाही आणि मोठ्या टायरला कमानीत जागा होते. गरज यांपैकी एखादी असेल तरच पुढचा खर्च करावा.

आता पुढच्या सस्पेन्शनकडे वळू, कारण खरी मौज तिथे आहे. कॉइल स्प्रिंग आणि तिच्या आतला शॉकअब्सॉर्बर (गॅरेजमधला शॉकअप) वरून चॅसीला आणि खालून खालच्या आर्मला जोडलेले असतात. ही जोडणी चाकापाशी नसून आर्मच्या साधारण मध्यावर असते. शाळेत शिकलेली तरफ इथे हुबेहूब लागू पडते. चॅसीकडचा बुश (रबरी सांधा) हा टेकू, दुसऱ्या टोकाला चाक, मध्ये स्प्रिंग. स्प्रिंगची जागा टेकूपासून ५५ टक्के अंतरावर धरली, तर स्प्रिंगचे खालचे टोक २५ मिमी सरकल्यावर चाक सरकते २५ भागिले ०.५५, म्हणजे सुमारे ४५ मिमी. म्हणून ‘दोन इंचांच्या’ किटमध्ये पुढे उंची वाढवायला घालायची चकती जेमतेम एक इंच जाडीची असते. ती हातात घेतल्यावर फसवणूक झाली असे अनेकांना वाटते, पण ती जाडी बरोबर आहे. दोन इंचांची चकती बसवली तर चाक ९० मिमी खाली जाईल आणि सांधे निखळतील.

याच तरफेमुळे जोराचे गणित दोनदा बदलते. १ मिमी दबायला १० किलो भार लागणारी स्प्रिंग घ्या. चाकापाशी तिचा कडकपणा १० गुणिले ०.५५ गुणिले ०.५५, म्हणजे मिलीमीटरला फक्त तीन किलो उरतो. वर्ग येतो, कारण तरफ जोरही कमी करते आणि अंतरही. त्यामुळे पुढे ५० किलोची विंच (अडकलेली गाडी ओढायचे यंत्र) बसवली, म्हणजे प्रत्येक चाकावर २५ किलो आले, की गाडीचे नाक सुमारे ८ मिमी बसते. किटमधल्या स्प्रिंगा वजनाच्या टप्प्यांनुसार मिळतात त्या यासाठीच. पुढे काहीही बसवलेले नसताना ‘हेवी’ स्प्रिंग घेतली, तर गाडी सांगितल्यापेक्षा जास्त उचलते आणि खड्ड्यात उडी मारते.

चकती दोन ठिकाणी बसते आणि दोन्हींचे परिणाम एकमेकांच्या उलट होतात. विकणारे दोन्हींना ‘स्पेसर’च म्हणतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

पहिला प्रकार आतला. स्प्रिंग उतरवून तिच्या आणि बैठकीच्या मध्ये चकती घालतात. ‘यामुळे स्प्रिंग जास्त दाबली जाते, म्हणून कडक होते’ असे हमखास सांगितले जाते. ते चूक आहे. स्प्रिंगचा ताण तिच्या दबण्याच्या प्रमाणात असतो, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडला. दर मिलीमीटरला १० किलो हे प्रमाण तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि वेढ्याचा व्यास यांवर ठरते. चकतीने यातले काहीच बदलत नाही.

गोल आकडे घेऊन पाहू. चाकावर ५०० किलो भार आहे, तरफेमुळे तो स्प्रिंगवर सुमारे ९०० किलो होतो. म्हणजे उभ्या गाडीत स्प्रिंग ९० मिमी दबलेली असणार, चकती असो वा नसो. मूळ जुळणीत शॉकअप पूर्ण लांब असतानाच ती ४० मिमी दाबून बसवलेली होती असे धरा. उरलेले ५० मिमी शॉकअप दबल्यावर मिळतात. म्हणजे खड्डा आला की शॉकअपला खाली लांबायला ५० मिमी जागा आहे, चाकापाशी मोजले तर ९० मिमी. आता २५ मिमीची चकती आली. स्प्रिंग आधीच ६५ मिमी दाबलेली आहे, त्यामुळे ९० गाठायला शॉकअप फक्त २५ मिमी दबतो. गाडी उचलली गेली, पण खाली लांबायची जागा निम्मी झाली. स्पीडब्रेकरवरून उतरताना चाकाला ४५ मिमीपेक्षा जास्त खाली जायचे असते. तिथे शॉकअप आपल्या शेवटाला आपटतो आणि ठक्क असा आवाज येतो. त्या धक्क्यालाच लोक ‘स्प्रिंग कडक झाली’ म्हणतात. स्प्रिंग होती तेवढीच कडक आहे, शॉकअपची लांबी मात्र संपली आहे.

आणि नुसती लांब ‘लिफ्ट स्प्रिंग’ घेऊन ती जुन्या शॉकअपवर चढवली, तर हिशोब अगदी हाच राहतो. स्प्रिंग नवी, किंमत जास्त, दोष तोच.

दुसरा प्रकार वरचा. स्प्रिंगला हात न लावता संपूर्ण जुळणी आणि चॅसी यांच्यामध्ये चकती बसते. शॉकअपची लांबायची जागा शाबूत राहते, म्हणून गाडी मऊ वाटते. पण आता जुळणीच २५ मिमी लांब झाली. मोठ्या धक्क्यात आर्म वर जाऊन रबरी बंपस्टॉपला टेकतो, ती जागा मात्र बदललेली नाही. तेवढ्या अंतरात मावायला शॉकअपला पूर्वीपेक्षा २५ मिमी जास्त दबावे लागते. आत तेवढी जागा नसेल, तर बंपस्टॉपच्या आधी शॉकअपचा पिस्टनच तळाला आदळतो. सील फुटते, तेल गळते. दुसऱ्या टोकाला, चाक लोंबकळताना ते कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या ४५ मिमी खाली जाते. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट तिरका होऊन अडतो आणि काही गाड्यांत आर्म स्प्रिंगच्या वेढ्याला घासतो.

पुढच्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचेही तेच. पुढचे डिफरन्शियल मागच्यासारखे ॲक्सलवर नसून चॅसीला जोडलेले असते, म्हणून ते चॅसीबरोबर वर गेले, चाक खाली राहिले. दोन सांध्यांमधले अंतर ४५० मिमी धरले तर ४५ मिमी लिफ्टमुळे शाफ्ट जवळपास सहा अंशांनी जास्त तिरका होतो. चाकाकडचा सहा गोळ्यांचा सीव्ही जॉइंट ४५ अंशांच्या पुढेही वळतो, त्याची चिंता नाही. आतला तीन रोलरांचा सांधा मात्र साधारण २३ ते २६ अंशांवर थांबतो. त्याआधीच सांध्यावरच्या रबरी बूटाच्या (आवरणाच्या) घड्या एकमेकांवर घासू लागतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि काही आठवड्यांत वळणावर कटकट सुरू. पुढचे डिफरन्शियल खाली उतरवायचे स्पेसर मिळतात आणि त्यांनी दोन-तीन अंश परत येतात, पण मग उचललेल्या पोटाचा एक भाग तुम्ही पुन्हा खाली आणता.

मग घ्यावे काय? चाकापाशी २५ ते ३० मिमी पुरत असतील तर वरची १५ मिमीची चकती हा सर्वांत स्वस्त आणि बऱ्यापैकी निर्धोक मार्ग आहे. ४० ते ५० मिमी हवेच असतील, तर चकतीवर आणखी चकती न चढवता स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे लांब शॉकअप एकत्र घ्यावेत. पैसे कमी पडत असतील तर उंची कमी करावी, शॉकअप गाळू नयेत. ५० मिमीच्या वर नवे वरचे आर्म, लांब ब्रेक होज, प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याची) जुळणी अशी साखळी लागते आणि ‘स्वस्तातले’ हा शब्दच गळतो. खरेदीपूर्वी विकणाऱ्याकडे दोनच आकडे मागावेत: शॉकअपची पूर्ण उघडलेली लांबी आणि पूर्ण मिटलेली लांबी. हे सांगता येत नसेल तर ते किट घेऊ नये.

मागे तीन पर्याय आहेत. लांब शॅकल (पाट्याचे एक टोक चॅसीला जोडणारी कडी) स्वस्त पडतो, पण पाट्याचे एकच टोक सरकते, म्हणून ५० मिमी लांबीला लिफ्ट २५ मिमीच मिळते आणि पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या दांड्याचा) कोनही बदलतो. ठोकळा सोपा असतो. तो भरीव लोखंडाचा आणि पिन बसायला भोक असलेला हवा. एकावर एक ठोकळे किंवा लाकडाचा ठोकळा कधीही नको, कारण ब्रेक लागताना ॲक्सल पीळ घेतो आणि रचलेला ठोकळा निसटतो. हौद्यात नेहमी सामान असेल तर जादा पाटा उत्तम. रिकाम्या गाडीत तोच पाटा कंबर मोडतो. ठोकळा घातला तर बंपस्टॉपही तेवढाच खाली आणावा, नाहीतर पाटे ठरलेल्यापेक्षा जास्त वाकून तुटतात.

एक गोष्ट सर्रास राहून जाते. काही पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चॅसीवरच्या झडपेकडे एक सळई जाते. हौदा किती दबला आहे ते पाहून ती झडप मागच्या ब्रेकचा दाब ठरवते. गाडी उचलली की झडपेला हौदा कायम रिकामाच वाटतो आणि भरल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. सळईचा ब्रॅकेट लिफ्टइतकाच सरकवावा.

तोलाचा हिशोबही सांगायला हवा. दोन चाकांमधले अंतर १.५७ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.७० मीटर उंचीवर धरला, तर तो ४५ मिमी वर गेल्यावर गाडीची न कलंडण्याची क्षमता सुमारे ६ टक्क्यांनी घटते. कॅरिअरवर सामान लादले की आणखी.

कायद्याची बाजू लपवून चालणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाला सोडून बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही आधी लेखी विचारावे.

बसवताना काय चुकते? आतल्या चकतीसाठी स्प्रिंग उघडावी लागते. वरच्या उदाहरणातल्या ६५ मिमी दाबलेल्या स्प्रिंगमध्ये सुमारे २०० जूल ऊर्जा साठलेली असते, सात मजल्यांवरून पडलेल्या एक किलोच्या वजनाइतकी. स्प्रिंग कॉम्प्रेसर नसलेल्या ठिकाणी हे काम करू देऊ नये. आर्मचे आणि शॅकलचे बुश-बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नयेत. गाडी चाकांवर उतरवावी, दोनदा दाबून बसवावी आणि मगच आवळावे, नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहून फाटते. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घ्यावेत, कारण जुने एकदा ताणलेले असतात. ते फुलीच्या क्रमाने टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतके आवळायच्या पान्याने) आवळावेत आणि ५०० किमीनंतर पुन्हा तपासावेत. काम झाल्यावर चाकाखाली लिंबू चिरडायची, बंपरला काळी बाहुली बांधायची रीत आहे. यू-बोल्ट सैल होतो तो पाट्यांमधला रंग आणि गंज दबून ताण कमी झाल्यामुळे, नजर लागून नव्हे. त्या लिंबाइतकेच न चुकता टॉर्क रेंच हाती घेतले, तर मागचा ॲक्सल सरकायचे प्रसंग टळतील.

चाकांचे अलाइनमेंट त्याच दिवशी करावे. आर्मचा कोन बदलला की टो (वरून पाहिल्यास चाके आत-बाहेर वळलेली असणे) आणि कॅम्बर (समोरून पाहिल्यास चाकाचा कल) दोन्ही सरकतात, टायर एका कडेने झिजतात. कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन) कमी झाला तर स्टिअरिंग वळणानंतर स्वतःहून सरळ होत नाही आणि हायवेवर गाडी भटकते. यंत्राचा छापील अहवाल मागून घ्यावा.

मोजमाप बंपरपासून घेऊ नये. चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर काम सुरू होण्यापूर्वी चारही चाकांवर, सपाट फरशीवर, टाकी तेवढीच भरलेली असताना लिहून ठेवावे. नव्या स्प्रिंगा पहिल्या हजार किलोमीटरमध्ये थोड्या बसतात. त्यानंतर पुन्हा मोजून डाव्या-उजव्या बाजूत १० मिमीपेक्षा जास्त फरक दिसला, तर पुढे स्प्रिंगचे टोक बैठकीच्या खाचेत आहे का आणि मागे पाट्याच्या सेंटर बोल्टचे डोके ठोकळ्याच्या भोकात बसले आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.