एका ओळीतला भुलभुलैया

संगणकाच्या कोडला कला म्हणावे का, हा प्रश्न निघाला की बहुतेक जण पडद्यावर उमटणाऱ्या चित्राकडे बोट दाखवतात. पण चित्र देखणे असले म्हणून ते काढणारे कोडही देखणे असेलच असे नाही. म्हणून येथे कोडची एकच ओळ जवळून पाहू. ती १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकावरची, बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली आहे. (चौसष्ट म्हटले की आपल्याला कला आठवतात, येथे मात्र तो आकडा ६४ किलोबाइट मेमरीचा आहे.)

ओळ सांगते ते इतकेच: २०५.५ मध्ये शून्य ते एकच्या दरम्यानची कोणतीही एक संख्या मिळवा, येईल त्या क्रमांकाचे चिन्ह छापा आणि पुन्हा पहिल्यापासून तेच करा. या यंत्रात २०५ आणि २०६ या क्रमांकांना परस्परविरुद्ध दिशांना कललेल्या दोन तिरक्या रेघा आहेत. बेरीज २०५.५ ते २०६.५ यांच्या दरम्यान येते आणि यंत्र अपूर्णांक सोडून देते. त्यामुळे साधारण निम्म्या वेळा २०५ उरते, निम्म्या वेळा २०६. नाणेफेक झाली, पण ‘छापा पडला तर ही रेघ, काटा पडला तर ती’ असे कोठेही लिहावे लागले नाही. छपाईच्या आज्ञेनंतर एक अर्धविराम आहे. तो गाळला तर प्रत्येक रेघ नव्या ओळीवर जाईल आणि डाव्या कडेला नुसती नागमोडी पट्टी उरेल. तो आहे म्हणून रेघा शेजारी शेजारी बसतात आणि ४० स्तंभ व २५ ओळींचा पडदा भुलभुलैयाने भरून जातो.

हेच चित्र सरळ अट घालून दहा ओळींतही काढता येईल. पाहणाऱ्याला फरक कळणार नाही, वाचणाऱ्याला कळेल; आणि माझ्या मते कला असलीच तर ती त्या फरकात आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९७४ साली ट्यूरिंग पुरस्कार या संगणकशास्त्रातल्या मानाच्या पुरस्काराच्या व्याख्यानाचा विषयच ‘कला म्हणून प्रोग्रॅमिंग’ हा घेतला होता. अर्थात पगारपत्रकाच्या प्रोग्रॅममध्ये कोणी असली काटकसर केली, तर पुढे दुरुस्तीला बसणारा त्याला शिव्याच घालेल.

आता .५ च्या जागी .२५ लिहून पाहा. चारांपैकी सरासरी तीन रेघा एकाच बाजूला कलतात, वाटा बुजत जातात आणि पडद्यावर तिरपा पाऊस लागल्यासारखे दिसते.