उड्डाण माहिती फलक

उड्डाण माहिती फलक : विमानाची वेळ, उड्डाण क्रमांक, गाव आणि दार प्रवाशांना दाखविणारी यंत्रणा. या नोंदीत तिच्या उपकरणांचा विचार केला आहे, तोही विदर्भातील लहान विमानतळांच्या अंगाने.

फलकाच्या उगमाविषयी एकमत नाही. इटलीतील पेझारीस या डोंगरी खेड्यात १७२५ पासून घड्याळे करणाऱ्या सोलारी घराण्याकडे सामान्यतः हे श्रेय जाते. विसाव्या शतकाच्या मध्यास रेमिज्यो सोलारी आणि वास्तुरचनाकार जिनो वाल्ले यांनी इटलीतीलच उदिने शहरात पडत्या पानांची यंत्रणा सिद्ध केली. तिच्यावर आधारलेल्या घड्याळास १९५६ मध्ये ‘कोंपासो दोरो’ हा इटलीतील औद्योगिक रचनेचा सन्मान मिळाला आणि त्याच सुमारास बेल्जियममधील लिएझ स्थानकावर पहिला मोठा फलक लागला, असे सांगतात. दुसरे मत असे, की मूळ यंत्रणा केवळ अंकांची होती आणि चाळीस पानांवर अक्षरे व अंक बसविण्याची कल्पना बेल्जियन संशोधक जॉन मायर यांची. काही जण आणखी मागे जाऊन विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत विकल्या गेलेल्या ‘प्लेटो’ घड्याळाकडे बोट दाखवितात. त्यातही अंकांची पाने उलटत. पडते पान जुने, पण दुरून चालवता येणारा फलक उदिनेचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

या यंत्रणेत प्रत्येक घरातील फिरकीवर पाने असतात. पानाच्या दर्शनी बाजूस एका अक्षराचा वरचा अर्धा भाग आणि पाठीवर पुढच्या अक्षराचा खालचा अर्धा भाग छापलेला असतो. पान पडले की पुढचे अक्षर पुरे होते. फिरकी एकाच दिशेने फिरते, त्यामुळे एक अक्षर मागे जायचे तरी पूर्ण फेरा घालावा लागतो. फलकाची ती फडफड यातूनच येते. रोमन अक्षरे आणि अंक चाळीस पानांत मावतात. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे असलेली देवनागरी मावत नाही. तिच्यासाठी गावाचे अख्खे नाव एका पानावर छापणे एवढाच मार्ग उरे. पुढे जुन्या टीव्हीसारखे काचनळीचे पडदे, एलईडी आणि एलसीडी (द्रवस्फटिक) पडदे आले.

विदर्भात नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचा इतिहास मोठा आहे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री तेथे एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परतत. ग्रामीण भागात गोंदियाजवळील बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. अमरावतीजवळील बेलोरा येथून प्रवासी सेवा एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली. धावपट्टी १,८५० मी. असून तेथे सत्तरेक आसनांचे एटीआर हे पंख्यांचे विमान उतरते.

अशा ठिकाणी पडदे थोडेच लागतात : प्रवेशाशी, चेक-इनच्या खिडकीवर, सुरक्षा तपासणीनंतरच्या प्रतीक्षागृहात आणि सामानाच्या पट्ट्याशी. माहिती मुख्य संगणकातून नेटवर्कने प्रत्येक पडद्यामागच्या लहान संगणकाकडे जाते. तांब्याची नेटवर्क केबल १०० मी.पर्यंत चालते. संगणकातून पडद्याकडे चित्र नेणारी एचडीएमआयची साधी केबल १०–१५ मी.पुढे भरवशाची नसते, म्हणून संगणक पडद्यामागेच बसवावा. तो पंख्याविना चालणारा असेल तर धूळ आत ओढत नाही. मोठ्या विमानतळावर मुख्य संगणक दुहेरी ठेवतात. दिवसाला एकदोन उड्डाणे असलेल्या जागी त्यापेक्षा, सगळे भरून तयार ठेवलेला एक जादा संगणक कपाटात असणे शहाणपणाचे. नागपूरहून माणूस येईपर्यंत जागेवरचा कर्मचारी तो बदलू शकतो.

पडदा घरगुती टीव्ही असू नये. तो दिवसभर एकच चित्र दाखविण्यासाठी केलेला नसतो आणि त्याचा उजळपणा साधारण ३०० निट (उजळपणाचे एकक) असतो. काचेच्या दर्शनी भिंतीजवळ तो ७०० निट तरी हवा. व्यावसायिक पडदेही बहुधा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी असतात, आणि वैदर्भीय मे महिना पंचेचाळिशी ओलांडतो. पश्चिमेच्या काचेतून दुपारी चार वाजता ऊन थेट पडद्यावर आले, की पृष्ठभाग हवेहून कितीतरी तापतो आणि द्रवस्फटिकावर काळे डाग धरतात. म्हणून पडद्याची भिंत इमारतीच्या आराखड्यातच ठरवावी.

खरा घात विजेचा होतो. ५५ इंची पडद्यास सुमारे १५० वॅट लागतात. सहा पडदे, संगणक आणि नेटवर्क धरून भार सव्वा किलोवॅटच्या आसपास, म्हणजे ३ केव्हीएचा यूपीएस पुरतो. जनित्र सुरू होईपर्यंतचा अर्धा मिनिटच सांभाळायचा असतो, पण बॅटरी तापलेल्या खोलीत असते. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २५ अंशांना मोजलेले असते आणि दर दहा अंशांमागे ते जवळजवळ निम्मे होते. अर्थिंगकडेही दुर्लक्ष होते. काळी माती उन्हाळ्यात फाटते, भेगा पडतात आणि जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडशी (धातूच्या कांबीशी वा पत्र्याशी) तिचा संपर्क सुटतो. इलेक्ट्रोडभोवतीच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घातले पाहिजे, नाहीतर मृगाची पहिली वीज सर्ज-रोधकाला (विजेचा अचानक वाढलेला दाब अडविणाऱ्या उपकरणाला) न जुमानता पडद्यात उतरते. दोन इमारतींमध्ये तांब्याऐवजी प्रकाशतंतू टाकणे याच कारणाने बरे.

अक्षराच्या उंचीचा ढोबळ नियम असा, की वाचणारा ९ मी. दूर असेल तर अक्षर ३ सेंमी. असावे. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार येत असल्याने ओळीला त्याची दुप्पट जागा लागते. ४३ इंची आडव्या पडद्याची उंची ५३ सेंमी. असते, त्यात आठच ओळी नीट बसतात. एलईडी ठिपक्यांच्या फलकावर रोमन अक्षर सात ओळींत उमटते, मराठीस सोळाएक हव्यात. आठ ओळींचा फलक घेऊन त्यावर मराठी कोंबली, की मात्रा छाटल्या जातात. मराठीचे ल आणि श हिंदीच्या वळणाने छापले जातात, ही तक्रारही खरी आहे. फाँटमध्ये मराठी रूपे असली तरी पडद्यामागच्या संगणकावर भाषा मराठी अशी नोंदविलेली नसते. उपकरणाला मराठी नीट लिहिता येते का, याची ‘वऱ्हाड’मधील अर्धा र ही आणखी एक सोपी चाचणी होय : तो चंद्रकोरीसारखा न दिसता ‘वर्हाड’ असा रफार होऊन डोक्यावर चढला, तर उपकरण स्वीकारू नये.