पुरस्कार घ्यायला येणार कोण?

जर्मनी चोरून शस्त्रसज्ज होत असल्याचं बिंग जर्मन पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की यांच्या साप्ताहिकाने फोडलं होतं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ओसिएत्स्कींची रवानगी छळछावणीत झाली. १९३५ सालचं शांततेचं नोबेल त्यांना जाहीर झालं ते १९३६ च्या नोव्हेंबरात, तोवर क्षयाने ते पार खंगले होते. नकार द्या म्हणून नाझी नेता गोअरिंगने दबाव आणला, पण ते बधले नाहीत. ओस्लोला जायची परवानगी अर्थातच मिळाली नाही. निवडीआधी नोबेल समितीतले दोघं बाजूला झाले होते, त्यांतले एक नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री. हिटलरचा रोष ओढवून घ्यायचा कोणी? पुढे मंत्र्यांना समितीत बसायलाच मनाई झाली. १९३८ मध्ये ओसिएत्स्की रुग्णालयात, पोलिसांच्या पहाऱ्यातच वारले.

संयुक्त राष्ट्रांनी १९६६ मध्ये मानवी हक्कांसाठी स्वतःचा पुरस्कार ठरवला, पहिल्यांदा दिला १९६८ मध्ये. मानकऱ्यांत मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याला आकार देणारे एलिनॉर रूझवेल्ट, रेने कासँ अशी नावं मोठीच. पण सरकारांच्या दरबारातला मान तो, झळ सोसलेले त्यात थोडे.

युरोपीय संसदेने १९८८ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ आणि मानवी हक्कांसाठी झगडणारे आंद्रेई साखारोव यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. पहिले मानकरी दोन: तुरुंगात असलेले नेल्सन मंडेला आणि हयात नसलेले सोव्हिएत बंडखोर लेखक अनातोली मार्चेन्को. सोव्हिएत राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी मार्चेन्को तुरुंगात उपोषणाला बसले होते; डिसेंबर १९८६ मध्ये ते गेले. त्यानंतर आठवडाभरात गॉर्की शहरात नजरकैदेत असलेल्या साखारोवांच्या घरी अचानक टेलिफोन बसवला गेला. दुसऱ्या दिवशी पलीकडून खुद्द गोर्बाचेव्ह बोलले: मॉस्कोला परत या. साखारोवांनी आभार मानले आणि लगेच विषय काढला तो मार्चेन्कोंच्या मृत्यूचा.

गंमत म्हणजे इतरांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अशा माणसांना लावला जाणारा ‘मानवी हक्क रक्षक’ हा शब्द तेव्हा कुठल्याच सरकारी कागदात रुळलेला नव्हता. संयुक्त राष्ट्रांत तेरा वर्षं काथ्याकूट चालला आणि ९ डिसेंबर १९९८ रोजी या लोकांविषयीचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याचं लांबलचक शीर्षक वाचताना धाप लागते, पण ‘रक्षक’ हा शब्द त्यात नाही. मजकुरातही नाही! पुरस्कारवाल्यांनी मात्र एवढी वाट पाहिली नव्हती. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेचे माजी सरचिटणीस मार्टिन एनल्स यांच्या नावाचा पुरस्कार १९९३ मध्येच उभा राहिला. त्याची निवड दहा मानवी हक्क संघटनांचे प्रतिनिधी करतात, सरकारं नाहीत. मला हा फरक सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. हेतूही स्पष्ट होता: नाव जगभर पोचलं की त्या माणसाला गुपचूप नाहीसं करणं अवघड जातं.

अर्थात ही ढाल दर वेळी टिकते असं नाही. परदेशी मानचिन्ह हातात आलं की ‘परक्यांचा हस्तक’ हा शिक्का तयारच असतो. बेलारूसचे मानवी हक्क कार्यकर्ते आलेस बियालियात्स्की २०१३ मध्ये मानवी हक्कांसाठीच्या वात्स्लाव हावेल पुरस्काराचे पहिले मानकरी ठरले तेव्हा तुरुंगात होते. सुटले, पुन्हा कामाला लागले, २०२१ मध्ये पुन्हा आत गेले. २०२२ चं नोबेल घ्यायला ओस्लोच्या मंचावर त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या.