ब्रिटनमधला गोरा कामगार : बदलत गेलेली नजर

१ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनमधल्या कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा तिथे सुमारे सात लाख खाणकामगार होते. देश ज्यांच्या कष्टावर चालतो ती माणसे, अशी त्यांची प्रतिमा होती. ओळख सांगितली जाई ती खाणीची, गोदीची, युनियनची. कातडीच्या रंगाची नव्हे.

रंग पुढे आला १९६८ मध्ये. २० एप्रिलला हुजूर पक्षाचे खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध भाषण केले आणि तीन दिवसांनी लंडनचे गोदी कामगार काम टाकून त्यांच्या बाजूने संसदेवर मोर्चा घेऊन गेले. गोरा कामगार म्हणजे वंशद्वेष्टा, हा समज तेव्हापासून बळावला. पण त्याच लंडनमध्ये १९७६ साली ग्रन्विक या फोटो धुण्याच्या कारखान्यात जयाबेन देसाई आणि त्यांच्या सहकारी महिलांनी युनियनच्या मान्यतेसाठी संप पुकारला. यातल्या बऱ्याच जणी पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती होत्या. त्यांच्यासाठी यॉर्कशायरचे खाणकामगार बसगाड्या भरून आले. क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी कारखान्याचे टपाल अडवले. फिल्म आणि फोटोंची ये-जा टपालानेच होत असल्यामुळे मालकाची खरी कोंडी तिथे झाली. संप १९७८ मध्ये हरला. तरी हे प्रकरण वगळून या वर्गाला सरसकट वंशद्वेष्टा ठरवणे निखालस अन्यायाचे आहे.

१९८४-८५ चा खाणसंप मोडल्यावर खाणी भराभर बंद पडल्या आणि त्यांच्यासोबत युनियनच्या शाखाही गेल्या. या माणसांच्या वतीने बोलणारे कुणी उरले नाही. २००४ च्या सुमारास 'चॅव' ही गरीब कामगारवर्गीय गोऱ्यांना हिणवणारी शिवी वर्तमानपत्रांतून राजरोस छापली जाऊ लागली. ब्रेक्झिटच्या २०१६ च्या कौलानंतर मात्र सूर पालटला आणि 'मागे राहिलेले' म्हणून त्यांचा कैवार घेण्याची चढाओढ लागली.

जून २०२१ मध्ये संसदेच्या शिक्षण समितीने अहवाल दिला. शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या गोऱ्या ब्रिटिश मुलांपैकी २०१८-१९ मध्ये जेमतेम १७.७ टक्के मुलांनी सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई या शालान्त परीक्षेत इंग्रजी आणि गणितात ५ किंवा त्याहून वरची श्रेणी (९ ही सर्वोच्च) मिळवली. मोफत जेवणाच्या सर्व मुलांत हे प्रमाण २२.५ टक्के होते. आकडा गंभीर आहे. पण मथळ्यांत या मुलांना 'गोरा कामगारवर्ग' म्हटले गेले, आणि घोळ इथेच होतो. युनिव्हर्सल क्रेडिट हा कमी उत्पन्नासाठीचा सरकारी भत्ता घेणाऱ्या कुटुंबासाठी मोफत जेवणाची तेव्हाची मर्यादा होती वर्षाला ७,४०० पौंड निव्वळ कमाई. गोदामात किमान वेतनावर पूर्णवेळ राबणाऱ्याची मुले सहसा या मोजणीत येत नव्हती. उलट, जनमत पाहणीत निम्म्याहून अधिक ब्रिटिश लोक स्वतःला कामगारवर्गातले म्हणवतात. आई-वडिलांचा व्यवसाय शाळेच्या नोंदीत नसल्यामुळे 'कामगारवर्ग' या नावाखाली प्रत्यक्षात मोजली गेली ती अतिगरिबी.